म्हैस, चिमणी आणि सतरा नंबरचा हात

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माणसं सरळ आहेत, स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. फक्त एक कानावर आलंय, त्यांच्याकडे एक म्हैस आहे म्हणे."

मी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी. म्हैस पाहिली असेल तर लांबूनच. लग्नाला तीन आठवडे होते, तेवढ्यात ओळखीतल्या चार जणींना धार कशी काढतात ते विचारून घेतलं. सासरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी थोरल्या नणंदबाई म्हणाल्या, "चल, तुला आमची म्हैस दाखवते." मी बाह्या वर करूनच निघाले. त्यांनी मला मागच्या अंगणात न नेता पुढे स्टुडिओत नेलं. तिथे तीन पायांच्या लाकडी घोड्यावर, काळ्या कापडाखाली, काहीतरी अवाढव्य झाकून ठेवलं होतं. त्यांनी कापड ओढलं. कॅमेरा होता. लाकडाचा, पुढे पितळी कड्यात एकच भिंग, मागे काळा कातडी भाता आणि सगळ्यात मागे ताटाएवढी घासलेली काच.

"ही आमची म्हैस," त्या म्हणाल्या. "चारा खात नाही, जागा खाते. तू बाह्या कशाला वर केल्यास?"

मी खरं ते सांगून टाकलं. त्यावर त्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. वन्संशी माझं जमलं ते त्या सकाळपासून.

वन्सं ह्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "एक म्हैस पुरे आहे सांभाळायला" म्हणायच्या. सासरे गेल्यावर मोठा कॅमेरा आणि डार्करूम दोन्ही त्यांनीच चालवलं. औषधाच्या पाण्यात बुडून बुडून त्यांच्या उजव्या हाताची बोटं तपकिरी झाली होती, साबणानं जात नसत. मला चित्र काढता येतं हे कळल्यावर त्यांनी मला रिटचिंगला बसवलं. धुळीमुळे फोटोवर पडलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरायचे, नको असलेली रेघ पात्यानं खरवडायची. काम डोळ्यांचं आणि धीराचं. मला आवडायचं.

फोटो मोठा केला की त्यात बारीक कण दिसू लागतात. वन्सं त्याला रवा म्हणायच्या. "ह्याचा रवा बघ, कसा जाड आलाय," किंवा "हा बघ, हाताला लागणार नाही असा रवा." दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत हा शब्द होता की नाही कोण जाणे. आमच्याकडे होता. गिऱ्हाइकासमोर त्या म्हणाल्या की, "रवा येईल बरं का," तर गिऱ्हाईक बिचारं गोंधळून बघत राहायचं.

माझ्या लग्नानंतर तीन वर्षांनी ह्यांनी छोटा कॅमेरा आणला. कोटाच्या खिशात मावेल एवढा. एका रिळात छत्तीस फोटो. वन्संनी त्याचं लगेच नाव ठेवलं, चिमणी. हे कुठेही जायचे ते चिमणी घेऊन. चालत्या सायकलीवरची माणसं, रडता रडता थांबलेली मुलं, छत्री उलटी झालेले मास्तर. फोटो असे जिवंत की बघत राहावं. नवरा म्हणून सांगत नाही, हात खरोखर चांगला होता.

"ताई, जग पुढे गेलं," हे म्हणायचे. "तुझी म्हैस दिवसाला एक फोटो काढते आणि मग रवंथ करत बसते."

"रवंथ करते म्हणून दूध देते," वन्सं म्हणायच्या. "चिमणी काय देते, ते तुझी बायको रोज सकाळी खिडकीच्या कठड्यावरून पुसते. विचार तिला."

ही थट्टा वर्षभर चालली आणि मग हळूहळू तिच्यातली थट्टा गेली. म्हशीला लागणाऱ्या वहीच्या पानाएवढ्या सुट्ट्या फिल्मा, त्यांना आम्ही शीट म्हणायचो, इथल्या बाजारात मिळेनाशा झाल्या. डब्यात दोनच शीट उरल्या. नवीन डबा मागवू का, असं वन्संनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "शनिवारनंतर बघू." शनिवारी काय आहे ते जेवताना कळलं. एका नाटक मंडळीला स्टेजवर ठेवायला जुना कॅमेरा हवा होता. ह्यांनी म्हशीचं बोलणं करून टाकलं होतं. तिच्या जागी छोट्या फिल्मांसाठी काउंटर करायचा आणि वन्संनी तिथे बसून पावत्या फाडायच्या.

वन्संनी घास खाली ठेवला. "म्हणजे नाटकात ती कॅमेऱ्याचं काम करणार," त्या म्हणाल्या. "आणि मी दुकानात माणसाचं."

ह्यांनी आणखी भात वाढून घेतला.

तो सोमवार होता. आणि दुसऱ्याच दिवशी टेलिफोन एक्सचेंजच्या मोठ्या बाई स्टुडिओत आल्या.

तेव्हा फोन लावायचा म्हणजे आधी एक्सचेंजमधल्या बाईला नंबर सांगायचा आणि तिनं समोरच्या बोर्डवर दोरी एका भोकातून काढून दुसऱ्यात खुपसायची. चोवीस बोर्ड होते आणि चोवीस बाया. मोठ्या बाई त्यांच्या मुख्य. त्या सांगत होत्या, की बुधवारी संध्याकाळी पाचला जुनी खोली बंद होणार, यंत्र आपोआप फोन जोडणार. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्यांना ह्या चोवीस जणींचा फोटो हवा होता.

"केवढा?" वन्संनी विचारलं.

मोठ्या बाईंनी दोन्ही हात पसरले, मग ते पुरेनात म्हणून भिंतीकडे बोट दाखवलं. "ह्या टोकापासून त्या खिडकीपर्यंत."

मी मोजलं. आठ फूट.

त्या गेल्यावर बहीणभाऊ समोरासमोर उभे राहिले. हे म्हणाले, "चिमणीनं काढतो. मोठा करू की."

"छोट्या, आठ फूट आहे रे."

"मग? लांबूनच बघणार ना लोक? लांबून रवा दिसत नाही, तूच शिकवलंस."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "हातरुमाल आण आणि एक चादर." मी आणून दिली. त्यांनी रुमाल पलंगावर ठेवला. "हा ताणून सगळ्या पलंगाला पुरवायचा. पुरवता येईल, समज. सूत केवढं फाकेल? आणि ही चादर, हिला जरासं ओढलं की झालं. सूत दोन्हीचं सारखंच आहे, छोट्या. तुझ्या फिल्मचा रवा माझ्यापेक्षा वाईट नाही. तुला तो अडुसष्ट पट ताणावा लागेल, मला साडेनऊ पट."

हे आकडे त्यांनी कागदावर मांडले नव्हते. तोंडी सांगितले. मी नंतर करून पाहिले, बरोबर निघाले.

हे थोडे चमकले, पण माघार घेणारे नव्हते. ठरलं असं, की दोघांनीही फोटो काढायचा, दोन्ही आठ फुटांचे करायचे आणि एक्सचेंजच्या बायांनी त्यांतला एक निवडायचा. चिमणीचा निवडला तर म्हैस शनिवारी नाटकवाल्यांकडे.

"आणि म्हशीचा निवडला तर?" मी विचारलं. एरवी मी मध्ये बोलत नसे.

"तर राहील," हे म्हणाले. मग जरा थांबून, "माझा शब्द."

बुधवारी दुपारी साडेतीनला आम्ही म्हैस हातगाडीवर घालून एक्सचेंजमध्ये पोचलो. जिन्यावरून चढवताना दोन शिपाई लागले. एकजण म्हणाला, "हिला वर कशाला नेताय, खालीच बांधा ना." म्हणजे नाव तिच्याआधी पोचलं होतं.

खोली लांबच लांब होती. एका बाजूला उंच खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतभर बोर्ड. बोर्डावर शेकडो भोकं, प्रत्येकाखाली नंबरची इवलीशी पट्टी आणि एक दिवा. उंच स्टुलांवर चोवीस बाया, कानाला यंत्र लावलेल्या, पाठ आमच्याकडे. सगळ्यांचे हात सारखे चालत होते. बायांना तिथे नावानं कुणी हाक मारत नव्हतं. "पाच नंबर, जरा हळू बोला." "सतरा नंबर, दिवा कधीचा लागलाय, झोप लागली का?" ही सतरा नंबर किडकिडीत, पन्नाशीची, गळ्यापर्यंत स्वेटरची बटणं लावलेली होती. मोठ्या बाई मला कुजबुजत म्हणाल्या, "बाई गुणी आहे, पण संथ. बावीस वर्षं हिच्या मागे लागलेय मी."

वन्संनी खोलीच्या टोकाला म्हैस उभी केली आणि कापडात डोकं घातलं. शेवटच्या चोवीस नंबरपर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं तर भिंग अगदी बारीक उघडायचं आणि मग उजेड पुरायला सहा सेकंद लागणार. सहा सेकंद कुणी हलायचं नाही. बायांनी स्टुलावर वळून कॅमेऱ्याकडे तोंड केलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "सहा सेकंद बोर्ड थांबेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

वन्सं नेहमी मोठ्यानं मोजायच्या, म्हणजे समोरच्यांना किती उरलं ते कळतं. भिंग उघडून त्यांनी सुरू केलं.

"एक."

खोलीभर एक गुणगुण उठली. "एक."

"दोन."

"दोन."

वन्संचं लक्ष भिंगाकडे. मी मात्र थिजले. ऐकलेला नंबर परत म्हणून दाखवायचा, म्हणजे चूक होत नाही, हा त्या बायांचा नियम. रोज हजार वेळा पाळलेला. त्यांना कळतही नव्हतं की त्या बोलताहेत. "तीन." "तीन." "चार." "चार." सहापर्यंत चोवीस तोंडं इमानानं हलली आणि पंचविसावं तोंड मोठ्या बाईंचं.

सहाला भिंग मिटलं. मग वन्सं म्हणाल्या, "बायांनो, नंबर बरोबर लागला. फोटो गेला."

आधी कुणाला उमगेना. मग पाच नंबरनं तोंडावर हात घेतला, तिच्या शेजारची खुसखुसली आणि बघता बघता अख्खी ओळ हसायला लागली. मोठ्या बाईंनी "गप्प, गप्प" म्हणता म्हणता डोळे पुसले. एक कुणीतरी स्टुलावरून घसरलीच. आणि त्या सगळ्यात खट्, खट्, खट् असा आवाज येत राहिला. हे चिमणी डोळ्याला लावून उभे होते. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की त्यांना त्यांचा फोटो मिळाला.

आमच्याकडे एक शीट उरली होती.

वन्संनी मला जवळ बोलावलं. "मी बोलणार नाही. माझ्या पाठीवर बोटानं मोज. सहा. घाई करू नकोस."

मी त्यांच्या मागे उभी राहिले. बाया पुन्हा वळून बसल्या, हसून हसून चेहरे सैल झालेले, पण स्तब्ध. भिंग उघडलं. मी एक टेकवलं, दोन, तीन. चौथ्याला टिक असा आवाज झाला. सतरा नंबरच्या बोर्डवर दिवा लागला. तिनं मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, समोर कॅमेऱ्यातच बघत राहिली. फक्त तिचा उजवा हात आपोआप मागे गेला, दोरी उचलली आणि जागेवर बसवली. पाच. सहा.

आम्ही दोघींनीही पाहिलं. वन्संची पाठ माझ्या बोटाखाली दगडासारखी झाली होती. सहाव्याला त्यांनी भिंग मिटलं. पुन्हा काढणार कशावर? पाचला खोली बंद झाली. शीट संपल्या होत्या.

गुरुवारी सकाळी निगेटिव्ह हातात आली. वन्संनी ती उजेडाच्या काचेवर ठेवून भिंगानं इंच इंच पाहिली. चोवीस चेहरे. बोर्डवरची भोकं. नंबरच्या पट्ट्या. सगळं असं काटेकोर की सुई टोचल्यासारखं. आणि मध्ये एक हात, धुरासारखा.

"हात गेला," त्या म्हणाल्या. "प्रिंट झाला की तो तू नीट करशील. जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं.

एवढे मोठे प्रिंट आमच्याकडे करायचे तर म्हशीलाच उलटं राबवायचं. पाठीत निगेटिव्ह घालायची, मागून दिवे सोडायचे आणि तिच्याच भिंगातून चित्र समोरच्या भिंतीवर पाडायचं. भिंतीवर कागदाच्या तीन पट्ट्या टाचायच्या. मग एकेक पट्टी लांब लाकडी पन्हळींतल्या औषधात खेळवायची. एक टोक वन्संच्या हातात, एक माझ्या. दोघी मिळून चादरीची घडी घालावी तसं पुढे मागे, पुढे मागे. लाल दिव्यात आधी खिडक्या उमटल्या, मग केस, मग डोळे. दुसरी पट्टी पाण्यातून वर काढली तेव्हा मला खरोखर वाटलं की सतरा नंबर श्वास घेतेय.

दुपारी ह्यांच्या निगेटिव्हची पाळी. एवढा मोठा प्रिंट ह्यांना येत नव्हता, तोही वन्संच करणार होत्या. निगेटिव्ह अंगठ्याच्या दोन नखांएवढी. त्यात सगळ्यात जवळचा चेहरा मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, लांबचे तर सुईची टोकं. भिंतीवर चित्र पडलं तेव्हा वन्सं कागदापाशी भिंग घेऊन बसल्या. मला म्हणाल्या, "इथे नाक शोधू नकोस, सापडणार नाही. रवा शोध. रवा टोकदार झाला की समज फोकस लागला." अर्धा तास त्या जुळवत होत्या. मागे सरकव, पुढे घे, केसभर मागे.

मला राहवलं नाही. "वन्सं, थोडं इकडे तिकडे राहिलं तर कुणाला कळणार आहे?"

त्यांनी भिंगातून डोळा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "मला," म्हणाल्या. "आणि फोटो चांगला आहे गं. हसतायत बघ कशा. ह्याच्यातून जेवढं निघतं तेवढं सगळं काढायचं."

त्यांची स्वतःची जागा त्या फोटोवर ठरणार होती आणि त्या त्याचा रवा टोकदार करत बसल्या होत्या. मी आयुष्यात बरीच माणसं पाहिली. असं माणूस ते एकच.

संध्याकाळी वाळलेल्या पट्ट्या जोडून फळीवर चढवल्या आणि वन्सं हात धुवायला गेल्या. मी ब्रश आणि पातं घेऊन सतरा नंबरपाशी बसले. धुळीचे ठिपके भरले. मग हाताकडे आले. लांबून तो धूर होता. जवळून पाहिलं तर तसं नव्हतं. हात जिथून निघाला तिथे बोटं पुसट, जिथे पोचला तिथे जरा ठळक आणि मधल्या वाटेवर दोरीच्या पाच-सहा बारीक रेघा, एकीमागे एक. त्याच्या वर तिचा चेहरा. पापणी न् पापणी जागेवर. मी ब्रश रंगात बुडवला, दोनदा जवळ नेला आणि धुवून ठेवला.

शुक्रवारी दुपारी एक्सचेंजच्या रिकाम्या खोलीत दोन्ही फोटो शेजारी शेजारी उभे केले. बोर्ड काढून नेले होते, भिंतीवर त्यांच्या जागेचे फिकट चौकोन उरले होते. ह्यांनी खिशातून खडू काढला आणि पंधरा फुटांवर जमिनीवर रेघ मारली. "इथे उभं राहून बघायचं," हे बायांना म्हणाले. "एवढ्या मोठ्या फोटोची हीच रीत आहे." ते खोटं नव्हतं. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

रेघेवरून खरं सांगायचं तर ह्यांचाच फोटो भारी दिसत होता. चोवीस बाया पोट धरून हसताहेत, कुणी घसरतेय, मोठ्या बाई डोळे पुसताहेत. बायांनी टाळ्याच वाजवल्या. "हाच, हाच घ्या." "बाई, तुम्ही बघा कशा दिसताय!" वन्सं आपल्या तपकिरी बोटांकडे बघत होत्या.

मग पाच नंबर म्हणाली, "थांबा, मी कुठेय ते बघते," आणि रेघ ओलांडून सरळ फोटोपाशी गेली. तिच्यामागे शेजारची. मग सगळ्याच. नाकं फोटोला लागायची बाकी राहिली.

"अगं, हे माझं तोंड आहे की भिंतीचा गिलावा?"

"माझं नाक कुठे गेलं?"

"तुझं जाऊ दे, चोवीस नंबर तर आख्खी विरघळली."

"मागे या, मागे या," हे खडू हातात घेऊन म्हणत होते. "रेघेवर या." रेघेवर कोण येतंय! हजार माणसांच्या फोटोकडे माणूस लांबून बघतं. ज्यात आपण आहोत त्याच्याकडे नाही.

त्या दुसऱ्या फोटोपाशी सरकल्या आणि आवाज हळूहळू खाली आला. कुणीतरी बोर्डावरच्या पट्ट्या वाचायला लागलं. "चारशे बारा, चारशे तेरा. हे बघ, दवाखाना. हे स्टेशन." "माझी पेन्सिल बघ, दातांच्या खुणांसकट." "ही पिन माझी आहे! तू घेतली होतीस माझी पिन!" "परत देणारच होते." "चार वर्षांनी?" चोवीस नंबर सगळ्यात शेवटी, फोटोच्या टोकापाशी गेली. तिचा चेहरा बटणाएवढा होता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "अय्या, मी आहे."

मोठ्या बाई चष्मा सारखा करून एकेकीपुढून सरकत होत्या. मध्यावर थांबल्या. "हा हात कुणाचा हलला?"

वन्संनी झटक्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे.

"सतरा नंबर?"

सतरा नंबर मागे उभी होती. "दिवा लागला होता, बाई."

"सांगितलं होतं ना सहा सेकंद बोर्ड थांबेल म्हणून?"

"हो. पण दिवा लागला."

"कुणाचा होता?"

"एक आजोबा रोज करतात. घरी कुणी नसतं. किती वाजले विचारतात."

"मग?"

"फोटो झाल्यावर सांगितलं. चार वाजून दहा मिनिटं."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. फोटोत खिडक्यांच्या वर भिंतीवरचं घड्याळ होतं, बशीएवढंही नव्हे, तरी दोन्ही काटे स्वच्छ. चार वाजून दहा. कुणीतरी हळूच ते वाचलं आणि जुन्या सवयीनं दोघी-तिघींनी मागून म्हटलं, "चार दहा." ह्या वेळी कुणी हसलं नाही.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षं मी हिला संथ म्हणत आले," त्या म्हणाल्या. मग वन्संकडे वळल्या. "हा भिंतीवर लावायचा. हात असाच राहू दे."

बाया पुन्हा बोलायला लागल्या तेव्हाही हे रेघेवरच उभे होते. मग खडू खिशात टाकून तेही पुढे गेले. रेघ तोवर पावलांनी पुसट झाली होती. लांबच्या टोकाशी वाकून त्यांनी शेवटच्या बोर्डवरची पट्टी पाहिली आणि वळून न बघता म्हणाले, "ताई, इथला चोवीस वाचता येतोय."

"येणारच," वन्सं म्हणाल्या. "लिहिलाय ना."

ह्यांच्या फोटोचंही वाईट झालं नाही. पोस्टकार्डाएवढा करून चोवीसही जणींनी मागून नेला. एक माझ्या टेबलावर आज एवढी वर्षं आहे. त्या मापात एकेक हसू असं फुटतं की मी अजून बघून हसते. चिमणी चिमणीएवढ्या जागेत फार गोड.

शुक्रवारी घरी आल्यावर वन्सं भिंग पुसत बसल्या होत्या. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "हात भरायचा विसरलीस वाटतं."

"हो वन्सं. विसरले."

त्यांनी भिंग उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा पुसलं. "अशीच विसरत जा अधूनमधून," म्हणाल्या.

शनिवारी ठरल्याप्रमाणे नाटक मंडळीचा माणूस हातगाडी घेऊन दारात आला. हे बाहेर गेले. "म्हैस द्यायची नाही," म्हणाले. "अजून दुभती आहे."

तो माणूस हातगाडीचा दांडा धरून तसाच उभा राहिला. "साहेब, आमचं कॅमेऱ्याचं बोलणं झालं होतं," तो म्हणाला. "जनावराचं नाही."

आत वन्सं पुन्हा भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

त्याच दुपारी ह्यांनी नव्या शीटसाठी पत्र लिहिलं. एक डबा लिहिला होता. टपालात टाकायला म्हणून वन्संनी ते मागून घेतलं, एक खोडून तीन केले आणि मग मला पाकीट चिकटवायला दिलं.